बेडसे लेण्यांतील हरवलेली चित्रे आणि शून्य-एकचा मुखवटा

मावळ तालुक्यातील बेडसे लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानली जातात. चैत्यगृहाच्या स्तंभशीर्षांवरील घोडे, बैल व हत्ती आणि नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा शिलालेख यांमुळे ती अभ्यासकांना परिचित आहेत. येथे भित्तिचित्रेही होती. मात्र १८६१ च्या सुमारापर्यंत, भेटीस येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना खूश करण्यासाठी स्थानिक अंमलदार लेण्यांची रंगरंगोटी करवून घेत. त्यात चित्रे असलेल्या गिलाव्याचे उरलेसुरले अवशेष नष्ट झाले.

खराब झालेल्या चित्राच्या छायाचित्रातील रिकाम्या जागा भरण्याचे तंत्र आता संगणकाने विकसित केले आहे. त्यासाठी प्रणालीला सराव द्यावा लागतो. धडधाकट चित्राचा काही भाग झाकायचा आणि तो ओळखायला सांगायचा, अशी ही पद्धत. हे झाकण म्हणजेच ‘द्विमान मुखवटा’. चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी शून्य किंवा एक. मुखवटा दर वेळी वेगळा व यादृच्छिक हवा. अन्यथा प्रणाली ठरावीक जागाच पाठ करते.

कोट्यवधी नाणेफेकी

५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या चित्रात २,६२,१४४ बिंदू असतात. अशी ६४ चित्रे एकदम घेतल्यास एका फेरीला सुमारे १.६८ कोटी नाणेफेकी लागतात, आणि फेऱ्या हजारो असतात. मुखवटे मुख्य प्रोसेसरवर तयार करून पाठवल्यास ग्राफिक्स प्रोसेसर वाट पाहत बसतो. म्हणून ते तेथेच तयार करणे श्रेयस्कर.

जुन्या पद्धतीत पुढची यादृच्छिक संख्या मागच्या संख्येवरून निघते. ग्राफिक्स प्रोसेसरवर हजारो धागे एकाच वेळी काम करीत असल्याने ही साखळी अडचणीची ठरते. २०११ मध्ये मांडण्यात आलेल्या ‘फिलॉक्स’ पद्धतीने त्यावर उपाय सुचवला. प्रत्येक धागा आपला अनुक्रमांक व एक किल्ली घेतो, दहा फेऱ्यांत त्यांची घुसळण करतो आणि ३२ बिटांच्या चार संख्या मिळवतो. शेजाऱ्याला काही विचारावे लागत नाही.

काटकसर कशी?

एका बिंदूसाठी ३२ बिटांची आख्खी संख्या खर्च करणे ही उधळपट्टी होय. निम्मे बिंदू झाकायचे असतील तर प्रत्येक बिट हीच एक नाणेफेक. एका हाकेत १२८ बिंदूंचा निकाल लागतो. दोन संख्यांवर ‘आणि’ ही क्रिया केल्यास एक येण्याची शक्यता पाव होते, ‘किंवा’ केल्यास पाऊण. या दोन क्रियांच्या साखळीने पाच-अष्टमांशसारखी प्रमाणेही साधतात. बिट दाटीने ठेवल्यास वरील मुखवट्याला १६ ऐवजी २ मेगाबाइट जागा पुरते. किल्ली व अनुक्रमांक जपले, तर मुखवटा साठवण्याचीही गरज नाही. हवा तेव्हा तोच पुन्हा तयार करता येतो. त्यामुळे दुसऱ्या अभ्यासकालाही प्रयोग पडताळता येतो.

सुटे बिंदू की खपल्या?

भिंतीवरील रंग सुट्या बिंदूंनी नव्हे, तर खपल्यांनी जातो. म्हणून मुखवटाही चौकटींचा घेतात. २०२१ च्या ‘मास्क्ड ऑटोएन्कोडर’ या संशोधनात चित्राच्या १९६ चौकटी करून १४७ झाकल्या होत्या. नाणेफेकीने ७५ टक्के केवळ सरासरीने साधतात. अचूक संख्येसाठी प्रत्येक चौकटीला यादृच्छिक क्रमांक देऊन, ते क्रमाने लावून, हव्या तेवढ्या निवडतात.

या कामासाठी लागणारी यंत्रणा महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा ग्राफिक्स प्रोसेसरवर आधारलेला महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता.

मर्यादा

मात्र संगणक हरवलेले चित्र परत आणत नाही. तो इतर चित्रांवरून अंदाज बांधतो. बेडशात ज्याचा मागमूस उरला नाही, त्याविषयी त्याचा अंदाज पुरावा ठरू शकत नाही. अंदाजच मूळ म्हणून दाखवला, तर ती दुसरी रंगरंगोटी होईल. येथे मुखवट्याचा आणखी एक उपयोग आहे. पूर्ण केलेल्या चित्रासोबत तो जपून ठेवल्यास कोणता बिंदू मूळचा आणि कोणता यंत्राने भरलेला, हे पुढच्या पिढीला कळेल. एकोणिसाव्या शतकातील रंगाऱ्यांनी अशी कोणतीही खूण मागे ठेवली नव्हती.