विलायती लोखंड आणि देशी लोहार

ब्रिटिश राजवटीत भारतीय लोहारांचा धंदा बुडाला, हे सरसकट केले जाणारे विधान अर्धेच खरे आहे. खनिजापासून लोखंड गाळणारा आणि त्या लोखंडाची अवजारे घडवणारा, असे हे दोन निरनिराळे व्यवसाय होते. काही जमातींत ते एकाच घरात चालत. विलायती लोखंडाने पहिल्याचा आधार काढून घेतला, दुसऱ्याला मात्र स्वस्त कच्चा माल पुरवला.

मध्य भारतातील अगरिया आणि छोटा नागपूरमधील असुर हे लोखंड गाळणारे समाज. मंडला, बालाघाट, बिलासपूर या डोंगराळ मुलखात अगरिया मातीची लहानशी भट्टी उभारत, तीत खनिज आणि लाकडी कोळसा टाकत आणि पायाने दाबायच्या भात्यांनी तासन्‌तास वारा देत. शेवटी मळीमिश्रित लोखंडाचा तप्त गोळा बाहेर येई. तो घणाखाली कुटून मळी काढल्यावरच कामाचे लोखंड हाती लागे. खनिज डोंगरात मुबलक होते. खरी अडचण कोळशाची झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील लाकूडतोडीवर आणि कोळसा पाडण्यावर निर्बंध आले. भट्ट्यांवर करही होता. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, रेल्वे अंतर्भागात पोहोचली आणि कारखान्यातील लोखंड बाजारात स्वस्त झाले. इतक्या कष्टाचे देशी लोखंड त्या भावात विकणे शक्यच नव्हते. या जमातीची वाताहत व्हेरियर एल्विन यांनी ‘द अगरिया’ (१९४२) या ग्रंथात नोंदवली आहे.

गावच्या लोहाराची ऐरण मात्र वाजत राहिली. महाराष्ट्रात तो बलुतेदार होता: वर्षभर फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या, धार लावून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणे हे त्याचे कसबाचे काम. धाव तापवून फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. ती आकसून चाकाला आवळते.

काही कारागीर रेल्वेच्या कार्यशाळांत गेले. १८६२ मध्ये सुरू झालेल्या बिहारमधील जमालपूरच्या कार्यशाळेला शेजारच्या मुंगेरमधील बंदुका घडवणाऱ्यांचे कसब उपयोगी पडले. पुढे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला आणि फाळाचे कामही कारखान्याकडे सरकू लागले. टाटांच्या साकची येथील कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद तयार झाले, तेव्हा अनेक अगरिया कुटुंबे शेतमजुरीवर जगत होती.