स्वच्छ आवाज, काळा इतिहास

ब्लॅक मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट, असे बहुतेकांचे मत असते. माजिवडा नाक्यावर घोडबंदर रोड आणि मुंबई-नाशिक महामार्गाची वाहने एकत्र येतात, तेव्हाही गोंगाटच होतो. पण त्यातला प्रत्येक हॉर्न, प्रत्येक इंजिन वेगळे ऐकू आले तर? उत्तम ध्वनिमुद्रण हेच साधते.

नव्वदच्या दशकात नॉर्वेतील या संगीताने दोन वाटा धरल्या. डार्कथ्रोनने १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर मुद्रित केला. त्यातली खरखर मुद्दाम ठेवलेली. त्याच वर्षी मेहेमचा 'दे मिस्तेरीस दोम साथानास' आला. तो बर्गनच्या ग्रीगहॉलेन या संगीतसभागृहात, पिट्टन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली घडला. ड्रम मोठ्या जागेत घुमल्यासारखे वाटतात, गिटारींचे थरावर थर चढतात, तरी एकही वाद्य हरवत नाही. आजही लोक त्याकडे वळतात ते यासाठी.

पण अल्बम येण्याआधीच, १० ऑगस्ट १९९३ रोजी, गिटारवादक युरोनिमसचा खून झाला. खुनी वार्ग विकर्नेस. याच अल्बमवर बेस वाजवणारा. मारणारा आणि मरणारा एकाच गाण्यात शेजारी ऐकू येतात. विकर्नेसला खून आणि चर्च जाळल्याच्या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली.

नॉर्वेत चर्च जळू लागली ते वर्ष १९९२. त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत काय झाले, हे आपल्याला सांगायला नको. प्रार्थनास्थळ जमीनदोस्त होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्याला त्या चर्चच्या राखेकडे 'बंडखोरी' म्हणून पाहता येणार नाही. ते चर्च होते, मस्जिद नव्हती, म्हणून दुःख कमी कसे होईल?

मग ऐकूच नये का? मुंबईने वेगळे उत्तर दिले. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये उभा केलेला डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड ब्लॅक आणि डेथ मेटलची सांगड घालतो. त्यांच्या २०१७ च्या 'दशावतार'मध्ये गाणी विष्णूच्या अवतारांवर आहेत. भीषण आवाजासाठी कुणाचे देवघर जाळावे लागले नाही.

मेहेमचा अल्बम ऐकणाऱ्याने तो कसा मुद्रित झाला हे जरूर समजून घ्यावे. आणि तो वाजवणाऱ्यांनी काय केले, हेही विसरू नये.