पहाटे ४:५७

(सर्व वेळा भारतीय, म्हणजे बुलढाण्यातल्या घड्याळाच्या.)

३१ जानेवारी २०१७, मंगळवार, रात्री १०:५०
जगभरचे प्रोग्रामर आपलं काम गिटलॅबवर ठेवतात. तिथला एक अभियंता मुख्य डेटाबेसची ताजी प्रत काढून चाचणीच्या यंत्रावर ठेवतो. एरवी ही प्रत चोवीस तासांतून एकदा आपोआप निघते. आज त्याला चाचणीसाठी ताजा डेटा हवा आहे. सहा तास सात मिनिटं उरली आहेत.

रात्री १२:३०
डेटाबेसवरचा ताण वाढतो. स्पॅमचा संशय आहे. अनेकांच्या प्रतिक्रिया नोंदल्या जात नाहीत. ताण आवरण्यात काही तास जातात.

याच वेळी, डिस्कवर
डेटाबेस ‘पोस्टग्रेस’ या प्रणालीचा आहे. टेबलाचं नाव माणसासाठी असतं, डिस्कवरच्या फाइलीला ते नसतं. तिथे डेटाबेसच्या क्रमांकाचा फोल्डर आणि त्यात नुसत्या क्रमांकांच्या फाइली. एक फाइल १ जीबीची झाली की त्याच क्रमांकापुढे १, २ लावून पुढची सुरू होते. टेबल नव्याने लिहिलं गेलं, तर फाइलचा क्रमांक बदलतो. टेबलाची ओळख तीच राहते. कोणतं टेबल कोणत्या क्रमांकात, हे ‘पीजी-क्लास’ या नोंदवहीत असतं. ती वहीसुद्धा त्याच साठ्यातली फाइल आहे.

सातबारा हाताळणाऱ्याला हे नवं नाही. नावाने शेत सापडत नाही, गट क्रमांकाने सापडतं. पण गट क्रमांक ११२ मेहकरच्या एका गावात असतो, तसा चिखलीच्या दुसऱ्या गावातही असू शकतो. म्हणून आधी गाव लिहायचं.

गिटलॅबच्या डेटाबेसची दोन यंत्रं होती: मुख्य ‘डीबी१’ आणि त्याची हुबेहूब प्रत ‘डीबी२’. प्रत बाइटला बाइट जुळणारी, म्हणून फाइलींचे क्रमांकही तेच. आत पाहून आपण कोणत्या गावात आहोत, हे कळत नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार, पहाटे ४:३०
ताणामुळे डीबी२ मागे पडते. तिला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य यंत्रावरून आधीच पुसल्या गेल्या आहेत. त्या दुसरीकडे साठवल्या जात नव्हत्या. डीबी२ रिकामी करून प्रत पुन्हा घ्यायची, असं ठरतं.

पुढची मिनिटं
प्रत पाठवण्याच्या वाटा ३ वरून ३२ केल्या जातात. पोस्टग्रेस सुरू व्हायला नकार देतो. जोडण्यांची मर्यादा ८००० वरून २००० वर आणल्यावर तो सुरू होतो. प्रत घेणारी आज्ञा मात्र काहीच बोलत नाही. ती मुख्य यंत्राची वाट पाहत आहे, पण तसं सांगत नाही. अभियंत्याला वाटतं, डीबी२ वरचा फोल्डर पुरता रिकामा नसावा.

पहाटे ४:५७
अभियंता तो फोल्डर पुसण्याची आज्ञा देतो. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं: हे डीबी१ आहे. तो आज्ञा थांबवतो. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले आहेत.

त्यानंतर
रोजचा बॅकअप उघडला जातो. तिथे काहीच नाही. बॅकअपचं साधन ९.२ आवृत्तीचं होतं, डेटाबेस ९.६ चा, प्रत्येक वेळी ते अपयशी ठरत होतं. इशाऱ्याचे मेल स्वाक्षरीअभावी नाकारले जात होते. डेटाबेसच्या यंत्रांसाठी डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय चालूच केलेली नव्हती.

उरली फक्त रात्री १०:५० ची प्रत. डिस्क संथ, ती उतरवायला सुमारे अठरा तास लागतात.

रात्री ११:३०
संकेतस्थळ परत येतं. लोकांचा कोड सुरक्षित आहे. मधल्या सहा तासांतल्या सुमारे ५००० प्रकल्पांच्या, ५००० प्रतिक्रियांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी गेल्या, त्या कायमच्या.

कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्ती थेट प्रक्षेपित केली. उपायांच्या यादीत एक साधी ओळ होती: टर्मिनलवर कोणतं यंत्र हे रंगाने दिसावं, चालू यंत्राला लाल, चाचणीला पिवळा.

तुमच्या कार्यालयात, बँकेत, शाळेत डेटाबेस असेल, तर आज दोन गोष्टी करा. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून तो उघडतो का पाहा. आणि पुसण्याची आज्ञा देण्याआधी यंत्राचं नाव मोठ्याने वाचा. आधी गाव, मग गट क्रमांक.