थायरॉईड मंदावला तर : कारणं, लक्षणं, उपचार आणि रोजातली गोळी

निमगाव केतकीसारख्या गावात घर, लेकरं आणि वर पानमळ्याचं काम बाईच्याच अंगावर असतं. ती थकली, अंग सुजलं, वजन वाढलं की घरचे म्हणतात, ‘कामाचा शीण आहे’, नाहीतर ‘नजर लागली’. अशा काही जणींचा थायरॉईड मंदावलेला असतो आणि तो रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो. म्हणून ही माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आजार काय आहे?
गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिच्या हार्मोनवर शरीराचा वेग चालतो. हे हार्मोन कमी पडलं की सगळंच मंदावतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये हा आजार आढळला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त दिसतो.

कारणं
सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव आहे. हा आजार घराण्यातही चालतो. याशिवाय ग्रंथीचं ऑपरेशन, लिथियम किंवा अमिओडॅरोनसारखी औषधं, बाळंतपणानंतरची सूज आणि आयोडीनची कमतरता ही कारणं आहेत. आपल्या देशात खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. मीठ घेताना पाकीट बघा आणि बरणीचं झाकण घट्ट लावा.

लक्षणं
थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणं, चेहरा सुजणं, आवाज जड होणं, पाळी अनियमित होणं, विसरभोळेपणा, उदासी. यातली बरीच लक्षणं रक्त कमी असल्यावरही दिसतात, म्हणून अंदाज बांधू नका. टीएसएच आणि टी-४ या तपासण्या करून घ्या.

उपचार
लेव्होथायरॉक्सिनची गोळी. शरीरात कमी पडलेलं हार्मोनच ती भरून काढते. त्यामुळे ‘गोळीची सवय लागते’ हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून बंद केली की काही आठवड्यांत त्रास परत येतो. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. वजन कमी करायला म्हणून डोस वाढवू नका, हृदयाला धोका असतो. हृदयविकार असलेल्यांना आणि वयस्करांना डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात.

रमजानमध्ये
रोजात गोळी सोडायची गरज नसते. सहरीच्या किमान अर्धा तास आधी घ्या, किंवा रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना. कोणतीही एकच वेळ ठरवा आणि महिनाभर पाळा. रमजान लागण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

गरोदरपण आणि बाळ
इथे हयगय नको. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. आधीपासून गोळी चालू असलेल्या आईला बहुतेकदा डोस वाढवून लागतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच तपासणी करा, गोळी बंद करू नका. जन्मलेल्या बाळाची थायरॉईड तपासणी टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होते. ती झाली का, हे दवाखान्यात विचारा. बाळाची कावीळ लांबली, ते सुस्त राहिलं, दूध नीट ओढत नसेल, तर लगेच दाखवा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मतिमंदत्व बहुतेक वेळा टळतं.

लगेच दवाखान्यात कधी?
थायरॉईडचा पेशंट खूप गुंगीत असेल, अंग थंड पडलं असेल, श्वास मंदावला असेल, तर घरी थांबू नका. इंदापूर किंवा बारामती, जे जवळ पडेल तिथल्या रुग्णालयात न्या. जुने रिपोर्ट आणि चालू गोळीचं पाकीट सोबत असू द्या.