झूमची गोष्ट

घरात कुणी कॅमेरा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला : "झूम किती?" मला मात्र आकड्यापेक्षा भलतंच कुतूहल. आतली भिंगं सरकतात, तरी चित्र धूसर कसं होत नाही?

तर मंडळी, झूमच्या इतिहासाची मेख इथेच आहे. १९५९ साली ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्यांसाठीचं पहिलं झूम, 'झूमार', बाजारात आलं. ३६ ते ८२ मिमी, आत १४ भिंगं. रचनाकार फ्रँक बॅक, मूळचे व्हिएन्नाचे. त्यांनी सरकणारी भिंगं एकत्र जोडून एकदमच हलवली. यंत्रणा सोपी, पण फोकस ठरावीक जागीच अचूक. मधे किंचित ढळायचा.

फ्रान्सच्या पिएर आंजेनिओंनी १९५६ सालीच सिनेकॅमेऱ्यासाठी दुसरी वाट धरली होती. भिंगांचे दोन गट वेगवेगळ्या गतीने हलवायचे. एकाने प्रतिमा मोठी करायची, दुसऱ्याने ढळलेला फोकस जागेवर आणायचा. त्यासाठी नळीत नेमक्या वळणाच्या खाचा कोराव्या लागतात. जिकिरीचं काम, पण टिकली तीच पद्धत!

डिजिटलमध्ये सेन्सर नखाएवढा झाला, भिंगंही आक्रसली. २००२ च्या मिनोल्टा डिमाज एक्सने तर प्रिझमने प्रकाश काटकोनात वळवून अख्खं झूम कॅमेऱ्याच्या पोटात आडवं झोपवलं.

आज कित्येक फोनमध्येही प्रकाश असाच वळतो, पण बहुतेकांत झूमसाठी भिंगं सरकतच नाहीत. वेगवेगळ्या भिंगांचे दोन-तीन कॅमेरे, आणि मधल्या जागी चित्र कापून मोठं केलेलं. म्हणून म्हणतो, "झूम किती?" विचाराच, पण "भिंगाचं किती?" हेही विचारा.