सिकलसेलची खूण शोधणारे डॉ. युएट वाय कान

डॉ. कान यांचा जन्म १९३६ साली हाँगकाँगला झाला. तिथेच डॉक्टर होऊन ते अमेरिकेत गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रक्ताच्या आजारांवर संशोधन केलं. १९७८ मध्ये आंद्रे डोझी यांच्यासोबत त्यांना सिकलसेलच्या जनुकाशेजारी डीएनएतली एक खूण सापडली. त्यामुळे बऱ्याच कुटुंबांत पोटातल्या बाळाला हा आजार आहे का, ते गर्भजलातल्या पेशींवरून कळू लागलं. आधी बाळाचंच रक्त काढावं लागायचं, म्हणजे जिवाशी खेळ. १९९१ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. आई-बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. वाहक माणूस मात्र धडधाकटच दिसतो, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.