मूळचे कोण?

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत नगर जिल्ह्यातून आलेल्या एक ख्रिस्ती मावशी राहत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्याच खोलीत अभ्यास करी. त्या रोज बायबल वाचत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असता मुलाकडच्यांनी हळूच विचारले, 'मूळचे कोण?' विचारणारेही ख्रिस्तीच.

येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितले. यहुदी असून हा आपल्याकडे पाणी कसे मागतो, याचे तिला नवल वाटले. पाणवठ्यावरून हाकललेल्या आमच्या माणसांना ही कथा समजावून सांगावी लागली नसणार. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे महार-मांग चर्चमध्ये आले. ब्राह्मण घरातल्या लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. सोवळे सुटताना झालेली मनाची ओढाताण त्यांनी 'स्मृतिचित्रां'त लपवलेली नाही. शंभर प्रवचनांपेक्षा मला तो कबुलीजबाब मोलाचा वाटतो.

भोईवाड्याजवळच, नायगावला, ३१ मे १९३६ रोजी बाबासाहेब धर्मांतरावर बोलले. चर्चमध्ये टिकलेल्या जातीवरही त्यांनी पुढे परखडपणे लिहिले. १९५० च्या आदेशाने ख्रिस्तींना अनुसूचित जातींतून वगळले. १९९० मध्ये आम्हा बौद्धांसाठी दार उघडले, मावशींच्या लोकांसाठी आजही नाही. ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणे! मग सोयरिकीत विचारतात ती कोणती?

मावशींनी खरे ते सांगितले. लग्न मोडले. पुढच्या प्रभुभोजनाला दोन्ही घरे चर्चमध्ये हजर होती.